पुस्तकाच्या पाया पडणारं लेकरू

सगळं गाव ईश्वरीचं कौतुक करत होतं आणि तिच्या बापाला, भागवतला, मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

कौतुक तरी कशाचं? पोरगी दीड वर्षाची. अजून धड "पाणी" म्हणता येत नाही. पण समोर पुस्तक ठेवलं की दोन्ही हात जोडायची, वाकून त्याला डोकं टेकवायची आणि मागच्या मागं सरकत आज्जीच्या पाठीशी जाऊन बसायची. पुस्तक ठेवा, वही ठेवा, सोसायटीचा छापील कागद ठेवा, पोरगी नमस्कार करणारच. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "अगं बया, सरस्वतीच जन्माला आली की सिंधुबाईच्या घरी!" मग मोबाइल निघायचे. "पुन्हा कर बाळा, जय कर." पोरगी पुन्हा करायची. आणि भागवत काहीतरी निमित्त काढून गोठ्यात निघून जायचा.

पोरगी पुस्तकाच्या पाया पडते हे सगळ्यांनी पाहिलं. ती ते उघडत नाही, त्याला बोटसुद्धा लावत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. असं का, ते दोघांनाच ठाऊक होतं. एक भागवत आणि दुसरी त्याची आई सिंधुबाई. सिंधुबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, म्हणजे सगळा भार एकट्या भागवतच्या छातीवर.

भागवत काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. देवणीच्या जवळ त्याचं गाव. घरची जमीन, दावणीला दोन देवणी गाई, सोयाबीन आणि तुरीचं पीक. माल घेऊन उदगीरच्या मोंढ्यात गेला तरी आडतीवर कधी आवाज चढवायचा नाही. गाईनं लाथ मारली तर "असू दे गं माय" म्हणून बादली उचलून बाजूला होणारा माणूस. पण पुस्तकाचा विषय निघाला की त्याचं सगळं वेगळंच.

त्याला कारण होतं. लहानपणी चुलतभाऊ आनंदराजची पुस्तकं त्याच्याकडं यायची आणि त्याच्याकडून धाकट्या भावाकडं जायची. एका पुस्तकावर तिघं शिकायचे. पान दुमडलं की सिंधुबाईचा धपाटा बसायचा. पेनानं रेघ मारली की रात्रीची भाकरी बंद व्हायची वेळ यायची. पुस्तकाला पेपरचं कव्हर घालायचं, वाचून झालं की देवाच्या फळीवर ठेवायचं, चुकून पाय लागला तर उचलून डोळ्याला लावायचं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली की शेजारी ही पुस्तकं, वर हळदकुंकू, आणि त्या दिवशी ती उघडायचीसुद्धा नाहीत. पोराला भारी सोय! पुस्तकाला इतकं जपलं, इतकं जपलं, की वाचायचं तेवढं राहून गेलं. बारावीला इंग्रजीनं दगा दिला आणि भागवत शिकायला घेतलेली उदगीरची खोली सोडून गावाकडं आला. पुस्तकं मात्र कालच दुकानातून आणावी तशी कोरी. त्याचे मास्तर म्हणायचे, "एवढी स्वच्छ पुस्तकं वर्गात कुणाची न्हाईत." हे कौतुक होतं की टोमणा, ते भागवतला आजतागायत कळलेलं नाही.

पोरगी झाली तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले. लातूरला कामानिमित्त गेला की चौकाचौकात डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे मोठाले फोटो दिसायचे. तिथं मोटारसायकल थांबवून हा बघत राहायचा. तिथं एक दिवस ईश्वरी भागवत म्हणून फोटो लागणार, हे त्यानं पोरीचे दात यायच्या आधीच पक्कं करून टाकलं होतं. बायको पुनम हसायची. "आधी तिला रांगू तर द्या," म्हणायची.

पुनम कंधारची. दहावी झालेली, बोलकी, पटकन हसणारी. दसरा झाला आणि अंगणवाडीच्या शिवकांताताईंनी आईबापांची बैठक बोलावली, तेव्हा तीच नवऱ्याला ओढून घेऊन गेली. बाकीचे बाप दाराजवळ बसले होते, म्हणजे लवकर सटकता येईल. भागवत तेवढा पुढं बसला. विषय पुस्तकाचा होता ना!

"पुस्तक म्हणजे शाळेत गेल्यावर, असं कुणी सांगितलं तुमाला?" शिवकांताताई म्हणाल्या. "लेकरू मान धरायला लागलं की त्याला मांडीवर घ्या अन् चित्र दाखवा. त्याला अक्षर कळत न्हाई, मलाबी ठाऊक हाय. पण आईबापाचा आवाज कळतो की न्हाई? बोट ठेवा, नाव घ्या. माऊ कुठाय, इचारा. त्यानं चार पानं एकदम उलटली तर तुमीबी उलटा. रोज थोडा वेळ, पण मोबाइल बाजूला ठेवून. असं लेकरू शाळेत गेलं की पुस्तकाला बिचकत न्हाई बघा."

"पण ताई, लेकरं तोंडात घालतील की," भागवत म्हणाला.

"घालू द्या! मी देते ते पुस्तक जाड पुठ्ठ्याचं हाय. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. फाटलं तर माझं मी बघून घेते, तुमाला कोण बोलणार न्हाई."

बाया हसल्या. भागवतला हसू आलं नाही. पुस्तक तोंडात घालू द्या म्हणे! बाईचं डोकं ठिकाणावर आहे का, असं त्याच्या मनात आलं, पण चारचौघात बोलला नाही.

ताईंनी दिलेलं पुस्तक घरी आलं. त्यात जनावरांची चित्रं होती. दुपारचं काम उरकलं की पुनम उंबऱ्यात बसायची, पोरीला मांडीवर घ्यायची आणि सुरू. ही माऊ. ही शेळी. ही म्हैस. पोरगी आधी पुस्तक चावायची, मग बघायची. महिनाभरात ती "माऊ" म्हणायला लागली आणि पुनमनं ते सगळ्या गल्लीला ऐकवलं. मग पोरगीच पुस्तक कोपऱ्याला धरून फरफटत आणायची आणि ज्याची मांडी रिकामी दिसेल त्याच्यापुढं टाकायची. एकदा भागवतपुढं टाकलं. त्यानं काय करावं? त्यानं लाळ सदऱ्याला पुसली, पुस्तक डोळ्याला लावलं आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवलं. पोरगी फळीखाली दोन्ही हात वर करून उभी राहिली. शेवटी पुनमनं येऊन ते खाली काढलं. "आता तुमाला काय म्हणावं!" एवढंच ती बोलली.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. पुनम बचत गटाच्या बैठकीला गेली होती. सिंधुबाई ओसरीवर शेंगा निवडत होती. भागवत वावरातून आला, चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि बघतो तर काय! पुस्तक जमिनीवर उघडं आणि ईश्वरी त्यावर दोन्ही पायांनी उभी. नुसती उभी नाही, धपधप पाय आपटतेय आणि तोंडानं कसलासा जाडा आवाज काढतेय. बापाला बघून तिला जास्तच चेव आला. खदखदून हसली आणि आणखी जोरात आपटायला लागली.

भागवतच्या डोक्यात सणक गेली. त्यानं पुढं होऊन तिच्या पिंढरीवर फटका मारला. चांगला सणसणीत. गाईवर कधी हात न उचललेला माणूस!

"पाय लावतीस? पुस्तकाला पाय लावतीस? पाप लागतं, पाप!"

पोरीचा श्वासच अडकला. रडू फुटायलासुद्धा वेळ लागला. त्यानं तिचे दोन्ही हात धरून जोडले, मान वाकवली, डोकं पुस्तकाला टेकवलं. "जय कर. म्हण, चुकलं." पोरीला कुठलं चुकलं म्हणता येतंय! तिनं हुंदका दिला, तोच चुकलं समजून त्यानं तिला सोडलं.

"बरं केलास," ओसरीवरनं सिंधुबाई म्हणाली. "लेकराला वळण असंच लागतं. तुला न्हाई का लावलं मी?"

पिंढरीवर बोटं उमटली होती. सिंधुबाईनं खोबरेल चोळलं. पुनम आली आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय झालं?" तेव्हा सिंधुबाईच बोलली, "पाट लागला." भागवत तिथंच उभा होता. तो काही बोलला नाही. त्या वेळी बोलला असता तर चार शिव्या खाऊन सुटला असता. पण गप्प राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी पुनमनं पुस्तक पुढं ठेवलं. पोरीनं हात जोडले, डोकं टेकवलं आणि मागं सरकली. पुनमला आधी गंमत वाटली. मग शेजारणीनं पाहिलं, मग गल्लीनं, मग गावानं.

मग आली वेळ अमावस्या. आपल्या लातूर भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडायचं नाही, सगळे शेतात. भागवतच्या वावरातही कडब्याची झोपडीवजा कोप उभारली, आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे दगड मांडले, आंबिलीचं मडकं भरलं, भज्जी, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकर. नांदेडहून बहीण आणि दाजी आले होते. दाजी उमाशंकर सरकारी कचेरीत कामाला, बोलायला मोठा रसाळ. जेवणं झाली आणि सिंधुबाईला नातीचं कौतुक दाखवायची हुक्की आली. तिनं पुनमच्या पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि पोरीपुढं ठेवलं.

पोरीनं नमस्कार केला. टाळ्या पडल्या.

"वा वा वा!" उमाशंकर म्हणाले. "भागवतराव, आमच्या नांदेडला एवढाल्या शाळा, पण असे संस्कार न्हाईत बघा. काय शिकवलात हो हिला?"

सगळे भागवतकडं बघायला लागले. हातातला आंबिलीचा गिलास त्यानं खाली ठेवला.

"काय न्हाई दाजी," तो म्हणाला. "घरचं वळण हाय."

हे शब्द आपल्याच तोंडातून गेले, याची त्याला शिसारी आली. तेवढ्यात बहिणीनं लाडानं पुस्तक उघडलं, "बघू, आता आत्याला म्याऊ दाखीव," म्हणून पोरीच्या पायाशी सरकवलं. पोरीनं झटकन दोन्ही पाय झग्याच्या आत ओढून घेतले. वरून झगा घट्ट धरून ठेवला. ते बाकी कुणी पाहिलं नाही. भागवतनं पाहिलं. तो उठला आणि हरभऱ्यातून चालत पार बांधापर्यंत गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, पान खायचं हाय की!" पण त्याची वळून बघायची हिंमत झाली नाही.

पाहुणे गेल्यावर पुनम भांडी घासता घासता बोलायला लागली. "माझंच काईतरी चुकलं हो. मीच लई मागं लागले असेन तिच्या. आधी दिवसातनं धा बार पुस्तक घेऊन यायची. आता हात जोडती अन् पळती. माऊबी म्हणंना गेली. लोक कौतुक करतेत, पण मला लई बेचैन वाटून राहिलंय. शिवकांताताईला एकदा इचारते, मी काय गलत केलं म्हणून."

ती स्वतःला दोष देत होती! इथं मात्र भागवतचा धीर सुटला.

"तू काय बी चुकली न्हाईस," तो म्हणाला. "मी मारलं तिला. पाट लागला न्हवता. माझा हात लागला."

मग सगळं सांगितलं. खाली मान घालून, भांड्याच्या राखेकडं बघत सांगितलं. सांगून झाल्यावर पुनमनं विचारलं, "कुठल्या पानावर उभी होती?"

"काय?"

"कुठलं चित्र होतं पायाखाली?"

त्याला ते चित्र विसरता येत नव्हतंच. "म्हैस."

पुनमच्या हातातलं ताट खाली पडलं. "अहो, ते मीच शिकवलं होतं तिला. म्हैस कशी चालती? धप धप. म्हैस कशी वरडती? मीच उभं राहून दाखवलं होतं. ती काय नाचून राहिली होती व्हय? तुमी आलाव म्हणून ती तुमाला वाचून दाखवत होती!"

भागवतला वाटलं, आपण आत्ता इथं बसलोय ती जमीन फाटावी. लेकरू आयुष्यात पहिल्यांदा बापाला वाचून दाखवत होतं, हसत होतं, अजून जोरात वाचत होतं, आणि बापानं काय केलं? तो रडायला लागला. पुनमनं त्याला गप्प केलं नाही. तिचा संताप आत्ता कुठं वर यायला लागला होता.

"दाजींला वळण म्हणून सांगितलात. तुमच्या आई पाट म्हणल्या. मायलेकांनी मिळून मला येड्यात काढलात. मी इथं सोताला खाऊन राहिले!" तिनं पदरानं डोळे पुसले. "ही भीती तुमी घातलीत. तुमीच काढा. माझ्यानं निघत न्हाई."

भागवतनं काय केलं नाही म्हणता! उदगीरला गेला आणि दुकानदाराला हैराण करून चकचकीत चित्रांचं दुसरं पुस्तक आणलं. पोरगी त्याच्याही पाया पडली. स्वतः मोठ्यानं वाचत बसला, पोरगी आज्जीमागून नुसती बघत राहिली. तिला मांडीवर घेतलं तर बसायची, पण ताठ, आणि पाय झग्यात. एरवी हीच पोरगी त्याच्या खांद्यावर चढायची, त्याच्या मिशा ओढायची. हातात पुस्तक आलं की तिच्यासाठी तो वेगळाच माणूस व्हायचा. खाऊ देऊन झाला, डोळ्यांत पाणी आणून झालं.

"नवं पुस्तक कशाला आणता?" पुनम म्हणाली. "ती पुस्तकाला भीत न्हाई. तुमाला भिऊन राहिली."

हे ऐकलं त्या रात्री तो जेवला नाही. आता करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्याला सुचली तेव्हा त्यानं आधी मनातल्या मनात कान धरले.

सकाळी त्यानं मोरीवर जाऊन साबणानं पाय धुतले. टाचा दगडानं घासल्या. कोरड्या टॉवेलनं बोटांच्या बेचक्या पुसल्या. पुनम चुलीपाशी होती, ती बघतच राहिली. हा कुठं लग्नाला निघाला, असं तिला वाटलं. भागवत घरात आला, शिवकांताताईंनी दिलेलं पुस्तक घेतलं, जमिनीवर ठेवलं, म्हशीचं पान उघडलं. ईश्वरीनं लगेच हात जोडले.

"थांब माय," तो म्हणाला. "मी करतो बघ."

त्यानं पाय उचलला. आणि पाय खाली जाईना! बोलायला सोपं आहे. तीस-बत्तीस वर्षं ज्या पायाला वळण लावलं, तो असा कसा ऐकेल? पाय अधांतरी, अंगाला घाम, कानात आईचा जुना आवाज. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि पाय पानावर ठेवला. मग दुसरा ठेवला. पुठ्ठा थंडगार लागला.

"आरं ए भागवत!" सूप हातात घेऊन सिंधुबाई आत आली ती किंचाळलीच. "काय करलालास? येड लागलं का? पुस्तकावर पाय?"

"म्हैस हाय मी," भागवत म्हणाला. "म्हैस अशी चालती. धप. धप." आणि त्यानं पाय आपटले. एवढा मोठा बाप्या, गालावरून पाणी वाहतंय, तोंडानं म्हशीसारखा हंबरतोय. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर हसून हसून मेलं असतं. पुनमला हसू आलं नाही.

ईश्वरी हसली नाही. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. मग वर त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग मान वळवून आज्जीकडं पाहिलं, आज्जीच्या हाताकडं. मग आईच्या हाताकडं. भागवतला आधी कळेना ही काय शोधतेय, आणि कळलं तेव्हा त्याचे पाय जागच्या जागी थांबले. बाबाला आता कोण मारणार, ते ती बघत होती.

सिंधुबाईलाही ते कळलं असावं. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदरात घेतले आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

कुणी मारलं नाही. पोरीनं पुष्कळ वेळ वाट पाहिली. भागवत खाली बसला, पुस्तक पुढ्यात घेतलं आणि बोट ठेवून म्हणाला, "ही म्हैस." तेव्हा ती आज्जीजवळून निघाली. मधे दोनदा थांबली. जवळ आली, पुस्तकाकडं पाहिलं, आणि खाली वाकून एका हातानं आपली पिंढरी झाकून घेतली. तशीच पिंढरी झाकून तिनं पायाचा अंगठा पानाच्या कडेला टेकवला आणि बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"हाव माय," भागवत म्हणाला. "ही म्हैस. अन् ही शेळी."

तिनं पुढचं पान उलटू दिलं, त्याच्या पुढचंही उलटू दिलं. पिंढरीवरचा हात मात्र तिनं शेवटपर्यंत काढला नाही.